सीडी आणि हाय-रेझोल्यूशन डिस्क: आवाजाच्या दर्जाची तुलना नेमकी कशी करावी

एकाच ध्वनिमुद्रणाची सीडी आणि एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी ही हाय-रेझोल्यूशन, म्हणजे अधिक तपशील साठवू शकणारी डिस्क) अशा दोन्ही आवृत्त्या हाताशी असल्या की त्या पाठोपाठ लावायच्या, ऐकायच्या आणि जी अधिक आवडेल तिचे तंत्र श्रेष्ठ ठरवायचे, अशी तुलनेची सर्वसाधारण रीत आहे. ही रीत सोपी आहे, पण तिच्यातून मिळणारे उत्तर बहुधा भलत्याच प्रश्नाचे असते. अशा ऐकण्यात मास्टरिंग (विक्रीच्या डिस्कसाठी अंतिम ध्वनिप्रत घडवण्याचे काम), आवाजाची पातळी, प्लेअरच्या आतला संकेताचा मार्ग आणि ऐकणाऱ्याची अपेक्षा या चारही गोष्टी एकाच वेळी बदलतात, आणि डिस्कचे तंत्र ही त्यांच्या जोडीने बदलणारी केवळ पाचवी गोष्ट असते. पहिल्या चार गोष्टी एकेक करून स्थिर केल्याशिवाय पाचवीबद्दल काहीच म्हणता येत नाही. त्या स्थिर कशा करायच्या, हे पुढे सांगितले आहे. त्यासाठी सीडी आणि एसएसीडी दोन्ही वाचणारा प्लेअर, २४ बिट ध्वनिमुद्रण करू शकणारे साउंड कार्ड, संगणक, चांगले हेडफोन आणि बरीच चिकाटी एवढी सामग्री पुरते.

आकडे काय सांगतात

सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवलेल्या मानकानुसार १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर प्रत्येक चॅनलसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. त्यामुळे २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतची वारंवारता आणि सुमारे ९६ डेसिबलची गतिकी, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत मंद आवाजातले अंतर, तिच्यात मावते. याच दोन कंपन्यांनी १९९९ मध्ये आणलेल्या एसएसीडीवर डीएसडी नावाची पद्धत वापरली जाते. तिच्यात नमुना फक्त एका बिटाचा असतो, पण नमुने घेण्याचा वेग २.८२२४ मेगाहर्ट्झ, म्हणजे सीडीच्या ६४ पट असतो. २००० च्या सुमारास आलेल्या डीव्हीडी-ऑडिओवर दोन चॅनलसाठी २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत, तर सहा चॅनलसाठी २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा संकेत ठेवता येतो. केवळ ध्वनीसाठी काढलेल्या ब्लू-रे डिस्कसाठी मात्र वेगळे मानक नाही. चित्रपटांच्या ब्लू-रेवर जे ध्वनिप्रकार चालतात त्यांतलेच हे असतात, आणि त्यांतही २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची सोय आहे.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा. नमुने जितके जास्त तितकी ध्वनिलहर गुळगुळीत, आणि सीडीवरची लहर मात्र पायऱ्यापायऱ्यांची, असे चित्र जाहिरातींनी वर्षानुवर्षे दाखवले आहे. प्रत्यक्षात डिजिटल संकेताचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करताना जो फिल्टर लागतो त्यातून बाहेर पडणारी लहर दोन्ही बाबतींत सारखीच सलग असते, आणि नमुन्याच्या वेगाच्या निम्म्याहून कमी वारंवारतेचा कोणताही स्वर त्या नमुन्यांवरून पूर्णपणे उभा राहतो. वाढलेल्या वेगाचा खरा लाभ एवढाच, की २२ किलोहर्ट्झच्या वरचा भागही साठवता येतो आणि फिल्टरला उतरायला ऐसपैस जागा मिळते. निरोगी तरुण कानाची वरची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि ती वयाबरोबर खाली येते, हे येथे ध्यानात असू द्यावे.

बिटांचेही तसेच आहे. घरातली शांत म्हणावी अशी खोलीसुद्धा ३० डेसिबलच्या आसपास गुणगुणत असते. त्या गुणगुणीच्या वर ९६ डेसिबलची पूर्ण गतिकी ऐकायची, तर सर्वांत मोठा आवाज १२६ डेसिबलवर जाईल, आणि तो कानाला वेदना देणारा असेल. शिवाय १६ बिटांत उतरवताना डिदर, म्हणजे अगदी क्षीण असा यादृच्छिक गोंगाट, मिसळलेला असेल, तर मंद आवाज विकृत न होता त्या गोंगाटातही टिकून राहतात. २४ बिटांचा निर्विवाद उपयोग ध्वनिमुद्रण आणि संपादनाच्या वेळी आहे, कारण तेथे पातळीचा अंदाज चुकला तरी सावरायला जागा लागते.

तुलनेसाठी योग्य डिस्क निवडणे

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. दोन डिस्क वेगळ्या ऐकू येतात त्याचे कारण बहुतेक वेळा हे असते, की त्यांचे मास्टरिंग वेगळ्या माणसाने, वेगळ्या वर्षी आणि वेगळा ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. १९९० च्या दशकापासून लोकप्रिय संगीताच्या सीडी एकमेकींपेक्षा मोठ्याने वाजाव्यात म्हणून त्यांची गतिकी दाबून टाकण्याची चढाओढ लागली. हाय-रेझ डिस्क घेणारा श्रोता लक्षपूर्वक ऐकणारा असतो, या समजुतीने त्या डिस्कवर मात्र ही दाबादाबी पुष्कळदा कमी असते. तेव्हा तुम्हाला एसएसीडीत अधिक मोकळेपणा जाणवला, तर तो खरा असेलही. पण तोच मास्टर, म्हणजे मास्टरिंगनंतरची अंतिम प्रत, तसाच्या तसा सीडीवर उतरवला असता तर तिथेही तो जाणवला असता.

म्हणून वेगवेगळ्या वर्षांच्या दोन डिस्क घेण्याऐवजी हायब्रिड एसएसीडी घ्यावी. तिच्यात एक थर साध्या सीडीचा आणि दुसरा डीएसडीचा असतो, त्यामुळे निदान डिस्क तरी एकच राहते. तरीही दोन्ही थरांचे मास्टरिंग एकच असेल याची हमी नसते. ते पुढे सांगितलेल्या रीतीने तपासून घ्यावे लागते. केवळ अभिजात संगीत काढणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या डिस्कवर दोन्ही थर एकाच मास्टरवरून केलेले असण्याची शक्यता अधिक, म्हणून सुरुवात तेथून करणे सोयीचे.

मूळ ध्वनिमुद्रण कधीचे आणि कशावर केलेले आहे, हेही वेष्टनावर पाहावे. १९८० च्या दशकातली अनेक डिजिटल ध्वनिमुद्रणे १६ बिटांतच झालेली आहेत. सोनीच्या पीसीएम-१६१० आणि १६३० या यंत्रांचा वेग ४४.१ किलोहर्ट्झ, तर साउंडस्ट्रीमच्या यंत्राचा ५० किलोहर्ट्झ होता. डेननने तर १९७२ मध्ये १३ बिटांवर व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू केले. अशा मूळ प्रतीवरून काढलेल्या एसएसीडीत मूळ प्रतीत नसलेला तपशील कोठून येणार? ॲनालॉग टेपवरच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत २० किलोहर्ट्झच्या वरचा काही भाग असू शकतो, पण टेपचा स्वतःचा सरसराट सीडीच्या गोंगाटापेक्षा बराच वर असल्यामुळे २४ बिटांचा लाभ तेथे मिळत नाही. तुलनेसाठी उत्तम ते ध्वनिमुद्रण, जे मुळातच डीएसडीत किंवा २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ वा त्याहून अधिक वेगावर झाले आहे.

एसएचएम-सीडी, ब्लू-स्पेक सीडी यांसारख्या नावांनी विकल्या जाणाऱ्या डिस्क या विषयात उगाच मिसळल्या जातात. त्या साध्या सीडीच आहेत. बदल असतो तो प्लास्टिकच्या प्रतीत किंवा साचा कोरण्याच्या पद्धतीत. अशी डिस्क आणि त्याच मास्टरची साधी सीडी संगणकावर अचूक उतरवून घेणाऱ्या प्रोग्रामने वाचावी आणि सुरुवातीचे काही नमुन्यांचे सरकणे जमेस धरून दोन्ही फायली ताडून पाहाव्यात. सर्व बिट जुळले तर ऐकण्यात वेळ घालवण्याची गरज नाही.

यंत्रांतले सापळे

हायब्रिड डिस्क साध्या सीडी किंवा डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली तर फक्त सीडीचा थर वाजतो. काही एसएसीडी प्लेअरही सेटिंगनुसार तोच थर आधी वाजवतात, म्हणून प्लेअरच्या पडद्यावरचे चिन्ह प्रत्येक वेळी पाहावे. डीव्हीडी-ऑडिओच्या बाबतीत याहून मोठी फसगत होते: त्या डिस्कवर साध्या डीव्हीडी प्लेअरसाठी वेगळा विभाग असतो आणि त्यात बहुधा डॉल्बी डिजिटलचा, म्हणजे तपशील गाळून दाबलेला, ध्वनी असतो. तो ऐकून डीव्हीडी-ऑडिओबद्दल बरेवाईट मत बनवणारे कमी नाहीत.

प्लेअरमधून आवाज कोणत्या वाटेने बाहेर पडतो, ही दुसरी तपासणी. ऑप्टिकल किंवा कोॲक्शियल डिजिटल केबलवरून एसएसीडीचा संकेत बाहेर जाऊ दिला जात नाही, आणि डीव्हीडी-ऑडिओचा संकेत अनेकदा वेग कमी करूनच जातो. एचडीएमआयवरून डीएसडी पाठवण्याची सोय १.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून आली, पण ती दोन्ही टोकांच्या यंत्रांत असावी लागते. त्यातून रिसीव्हरमध्ये, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये, स्पीकरचे अंतर, बासची विभागणी किंवा खोलीची दुरुस्ती यांपैकी काहीही चालू असेल, तर पुष्कळ रिसीव्हर डीएसडीचे पीसीएममध्ये, म्हणजे सीडीसारख्या अनेक बिटांच्या नमुन्यांत, रूपांतर करतात आणि ॲनालॉग वाटेने आलेला आवाजही पुन्हा डिजिटल करून घेतात. अशा वेळी दोन थरांच्या नावाखाली तुम्ही एकाच रूपांतरकाचा आवाज ऐकत असता. म्हणून प्लेअरच्या ॲनालॉग जोडणीतून आवाज घ्यावा आणि रिसीव्हरवर सर्व प्रक्रिया बंद करणारी ‘डायरेक्ट’ कळ दाबावी.

दोन्ही थर उतरवून घेणे आणि पातळी जुळवणे

कानाला ध्वनीचे बारीक रंग थोडेच सेकंद नेमके आठवतात, आणि एका थरावरून दुसऱ्यावर जाताना डिस्क पुन्हा वाचण्यातच प्लेअरचे कितीतरी सेकंद जातात. सारखेच दोन प्लेअर आणि दोन प्रती असतील तर स्विचने काम भागते. पण ते दोन्ही एकाच क्षणी सुरू करणे फार जिकिरीचे असते. मला त्यापेक्षा पुढची रीत बरी वाटते. प्लेअरचे ॲनालॉग आउटपुट साउंड कार्डाला जोडून दोन्ही थरांचा तोच दोन-तीन मिनिटांचा भाग २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झवर ध्वनिमुद्रित करावा, आणि दोन्ही वेळा पातळीच्या खुंटीला हात लावू नये. साउंड कार्ड प्लेअरपेक्षा निकृष्ट असेल तर त्याचाच गोंगाट वरचढ ठरतो, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते.

आता या दोन फायली ऑडॅसिटीसारख्या प्रोग्राममध्ये एकाखाली एक ठेवाव्यात. लहरींची शिखरे एका फाइलमध्ये टोकदार आणि दुसरीत एकाच उंचीवर कापल्यासारखी सपाट दिसली, तर मास्टरिंग वेगळे आहे आणि ही डिस्क आपल्या प्रश्नाच्या कामाची नाही. स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा आहे त्याचा आलेख, काढून बास किंवा वरच्या पट्टीत दोन्ही आलेख समांतर न राहता दूर जात असतील, तरी निष्कर्ष तोच. हाय-रेझ थराचा आलेख २२ किलोहर्ट्झपाशी एकदम कोसळत असेल, तर सीडीच्या दर्जाचाच मास्टर मोठ्या डब्यात भरलेला असण्याचा दाट संशय घ्यावा. उलट डीएसडीच्या आलेखात साधारण २५ किलोहर्ट्झच्या पुढे सतत चढत जाणारा भाग दिसेल; तो वाद्यांचा वरचा नाद नाही. एका बिटामुळे होणारा गोंगाट ऐकू येणाऱ्या पट्ट्यातून हुसकावून तेथे ढकललेला असतो, आणि संगीत थांबले तरी तो तसाच राहतो.

मग पातळी. दोन आवाजांतला मोठा आवाज, फरक अर्ध्या डेसिबलइतका लहान असेल तर, ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही. तो अधिक स्पष्ट, अधिक जिवंत म्हणून जाणवतो. डीएसडीत शून्य डेसिबलची खूण सैद्धांतिक कमाल पातळीच्या ६ डेसिबल खाली धरलेली असल्यामुळे एकाच प्लेअरमध्येही दोन थरांची पातळी जुळेलच असे नाही. दोन्ही फायलींच्या त्याच भागाची सरासरी पातळी प्रोग्रामकडून मोजून घ्यावी, आणि मोठी फाइल खाली आणून फरक ०.१ डेसिबलच्या आत आणावा. डीएसडीच्या फाइलमधला वरचा गोंगाट या मोजणीत भर घालू नये म्हणून मोजण्यापुरता २० किलोहर्ट्झच्या वरचा भाग दोन्हींतून वगळावा. थेट दोन प्लेअर वापरत असाल, तर ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून तोच स्थिर स्वर मोजावा, २.०० आणि २.०२ व्होल्ट एवढा फरक असेल तर तो मर्यादेत बसतो. कानाने पातळी जुळवली, हे म्हणणे या कामात ग्राह्य धरू नये.

डोळे झाकून ऐकणे

एबीएक्स नावाची चाचणी येथे वापरावी. तिच्यात अ आणि ब हे दोन नमुने उघड असतात, तर तिसरा क्ष हा त्या दोहोंपैकीच एक असतो आणि तो प्रत्येक फेरीत संगणक चिठ्ठी टाकल्यासारखा निवडतो. क्ष कोणता, एवढेच श्रोत्याने सांगायचे असते. कोणता चांगला, हे विचारलेले नसते. फूबार२००० या मोफत प्लेअरसाठी याचा जोडप्रोग्राम मिळतो. दोन्ही फायलींची सुरुवात नेमकी जुळलेली असावी, नाहीतर बदलताना होणारी लहानशी उडी किंवा टिचकीच उत्तर फोडते.

फेऱ्या किती करायच्या, हे सुरू करण्याआधी ठरवावे आणि मध्येच उत्तरे बरोबर येऊ लागली म्हणून थांबू नये. १६ फेऱ्यांत १२ किंवा अधिक उत्तरे केवळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून किंचित कमी असते. १० फेऱ्याच करायच्या असतील तर ९ बरोबर यायला हव्यात, कारण ८ किंवा अधिक बरोबर उत्तरे नशिबाने येण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या वर जाते. सलग १६ फेऱ्यांनी कान थकतात, म्हणून मधे विश्रांती घ्यावी. घाई करण्याचे काहीच कारण नाही. हवे तितक्या वेळा अ, ब आणि क्ष पुन्हा ऐकता येतात.

चाचणीआधी स्वतःची आणि यंत्रांचीही परीक्षा घ्यावी. एका फाइलची पातळी मुद्दाम अर्धा डेसिबल कमी करून, किंवा तिचे १० बिटांत रूपांतर करून, तो फरक आंधळेपणाने ओळखता येतो का ते पाहावे. तेवढाही फरक पकडता आला नाही, तर सीडी आणि एसएसीडीमधला फरक न सापडणे याला काहीच अर्थ राहत नाही.

कोणता भाग ऐकावा? बिटांचा फरक शोधायचा तर पियानोचा शेवटचा स्वर सभागृहात विरत जातो तो क्षण, आणि वेगाचा फरक शोधायचा तर झांजा, कॅस्टनेट किंवा म्यूट लावलेले ट्रम्पेट घ्यावे, कारण या ध्वनींत २० किलोहर्ट्झच्या वरही बरीच ऊर्जा असते. विरणारा स्वर ऐकण्यासाठी आवाज खूप वाढवला असेल, तर पुढचा जोरकस भाग सुरू होण्याआधी तो खाली आणायला विसरू नये. स्पीकर आणि कान दोन्ही त्याने जायबंदी होऊ शकतात.

डिस्क बाजूला ठेवून केवळ तंत्राची तुलना

इतके करूनही दोन थर एकाच मास्टरचे आहेत ही खात्री शंभर टक्के होत नाही. ज्यांना निखळ उत्तर हवे आहे त्यांनी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची एक अस्सल फाइल घ्यावी आणि तिच्यावरून सीडीच्या दर्जाची प्रत स्वतःच करावी. आधी मूळ फाइलची पातळी एक डेसिबल खाली आणावी, कारण वेग बदलताना शिखरे किंचित उंचावू शकतात. मग सॉक्ससारख्या चांगल्या प्रोग्रामने तिचे डिदरसह १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झमध्ये रूपांतर करावे आणि ती प्रत पुन्हा २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर आणावी. परत वर आणल्याने गेलेला तपशील परतत नाही, पण रूपांतरक दोन्ही वेळा एकाच वेगावर चालतो आणि त्याच्या स्वतःच्या वागण्यातला फरक चाचणीत शिरत नाही.

येथे फरक ओळखू आलाच, तर लगेच हर्षभरित होऊ नये. ऐकू न येणारे वरचे स्वर ॲम्प्लिफायरमध्ये किंवा ट्विटरमध्ये (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरमध्ये) एकमेकांत मिसळून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात खोटा स्वर निर्माण करू शकतात. पडताळण्यासाठी २४ आणि २५ किलोहर्ट्झचे दोन स्वर एकत्र, मध्यम पातळीवर वाजवावेत. पूर्ण शांतता असेल तर ठीक. १ किलोहर्ट्झची शीळ ऐकू आली, तर तुमची यंत्रणा हाय-रेझ संगीतात स्वतःची भर घालत आहे.

याच धर्तीच्या मोठ्या चाचण्याही झाल्या आहेत. २००७ मध्ये मायर आणि मोरान या अभ्यासकांनी एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओच्या संकेताच्या वाटेत सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून ५५४ फेऱ्या घेतल्या आणि बरोबर उत्तरे निम्म्याच्या आसपास, म्हणजे नाणे उडवल्याइतकीच आली. फार वाढवलेल्या आवाजात शांत भाग ऐकतानाच टप्प्याचा गोंगाट कळला. हाय-रेझ डिस्क मुळातच अधिक काळजीने घडवलेल्या असतात, हेही त्यांनी नोंदवले. २०१६ मध्ये रीस यांनी १८ प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२ टक्क्यांच्या थोडे वर निघाले, आणि सराव करून घेतलेल्या श्रोत्यांत ते लक्षणीय वाढले. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात: फरक असला तर तो इतका सूक्ष्म आहे, की सामान्य ऐकण्यात मास्टरिंग त्याला सहज झाकून टाकते. तुमच्या चाचणीत फरक सापडला नाही, तर त्या संगीतावर, त्या यंत्रांवर आणि तुमच्या कानांना तो सापडला नाही, इतकेच लिहून ठेवावे.

या सगळ्या मोजमापाबाहेर राहते ती बहुचॅनल आवृत्ती, आणि सीडीजवळ खरोखर नसलेली गोष्ट हीच आहे. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओवर सहापर्यंत चॅनल असतात, ब्लू-रेवर आठपर्यंत. तिची तुलना करताना डिस्कवरचे स्वतंत्र दोन-चॅनल मिश्रण निवडावे. प्लेअरने सहा चॅनल दोनात कोंबून केलेले मिश्रण सीडीसमोर ठेवणे अन्यायाचे आहे. पातळीही येथे स्पीकरच्या टोकांवर मोजून उपयोग नाही, बसण्याच्या जागी मीटर ठेवून मोजावी लागते. आंधळ्या चाचणीची मात्र येथे गरज नाही, कारण मागून येणारा सभागृहाचा नाद कोणालाही कळतो. तो आपल्याला हवा आहे का आणि त्यासाठी खोलीत आणखी तीन स्पीकर आणि एक सबवूफर मावतील का, एवढेच ठरवायचे असते.